दगड झालेल्या वऱ्हाडाची श्रुतिका



नांदूरघाटहून केज, केजहून अंबाजोगाई. लहानपणी या वाटेनं आम्ही आत्यासोबत जायचो ते देवीला. यंदा गेलो ते आवाज गोळा करायला. आत्याला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "आवाज काय गोळा करायचेत? ते काय शेंगा हाएत?"

गोष्ट मात्र तिचीच. अंबाजोगाईची योगेश्वरी मूळची कोकणातली. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं. वऱ्हाड निघालं, वाटेत उशीर झाला, मुहूर्त टळला आणि सगळं वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं. देवी इथंच राहिली, कुमारिका. गावातल्या शिवलेण्याला लोक हत्तीखाना म्हणतात. त्याच्या अंगणातले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले, असं आत्या सांगायची. इतिहासाच्या पुस्तकात हे मिळणार नाही, पण एवढा मोठा सोहळा एका क्षणात गप्प होतो, ही कल्पना रेडिओसाठीच जन्माला आलीय असं मला वाटत राहिलं.

म्हणून एक श्रुतिका करायचं ठरवलं, निवेदक नसलेली. संवादही जवळजवळ नाहीत. आपला मराठी कान बोलण्यावर पोसलेला. रेडिओवरच्या 'पुन्हा प्रपंच' या मालिकेत प्रभाकर जोशींचे प्रभाकरपंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी नुसत्या गप्पांवर अख्खं घर उभं करायचे. ती ताकद वेगळीच. मला गप्पा बाजूला ठेवून गावालाच बोलू द्यायचं होतं.

हे खूळ नवं नाही. बर्लिनमध्ये वॉल्टर रुटमाननं १९३० साली 'वीकेंड' नावाचा चित्रपट केला, ज्यात चित्रच नव्हतं. शहराचे तुटक आवाज एकापुढे एक जोडलेले, जेमतेम अकरा मिनिटं. त्याच्याही आधी, १५ जानेवारी १९२४ रोजी, बीबीसीनं रिचर्ड ह्यूज यांचं 'डेंजर' प्रसारित केलं. खास रेडिओसाठी लिहिलेलं हे पहिलं नाटक मानतात. कोळशाच्या खाणीत दिवे जातात आणि आत माणसं अडकतात. त्यांना काही दिसत नाही, ऐकणाऱ्यालाही दिसत नाही. एवढ्या एका युक्तीवर नाटक उभं!

आता अंबाजोगाई. ऐतिहासिक गाव म्हटलं की टापा, तुतारी, तलवारींची खणखण. हे गाव निजामाच्या राज्यात मोमिनाबाद होतं, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची इथं छावणी होती, म्हणजे टापांना आधारही होता. नारळाच्या दोन करवंट्या टेबलावर आपटल्या की झालं. पण ते सगळं मी बाद केलं. करवंटीचा घोडा आपण इतका ऐकलाय की आता त्यात घोडा उरलेला नाही, नुसती करवंटी उरलीय.

हत्तीखान्यात उतरलं की रस्त्यावरचे हॉर्न एकदम मागे पडतात. वाऱ्याची फडफड येऊ नये म्हणून मोबाइलवर पायमोजा चढवला आणि हत्तीच्या पायाशी ठेवून लांब जाऊन बसलो. अर्ध्या तासात काय काय आलं? खांबांआड पारव्यांचं घुमणं. चपलांची फटफट. कुलदैवताला आलेलं एक कुटुंब, त्यातल्या बाई म्हणाल्या, "जरा मागे हो, हत्ती पूर्ण येऊ दे." एक पोरगं लेण्याच्या तोंडाशी उभं राहून "ओऽऽ" ओरडलं, आतून कुणीतरी "ओ" दिल्यासारखं झालं आणि ते पोरगं पळालं. त्या पळणाऱ्या पावलांइतकं खरं मला दिवसभरात दुसरं काही मिळालं नाही.

फजितीही झाली. कवी मुकुंदराजांच्या समाधीच्या दरीत पाऊस गाठला. भिजून, घसरून, तासभर ध्वनिमुद्रण केलं. घरी ऐकतो तर कढईत भजी तळल्यासारखं! शेवटी आत्याचं सूप घेतलं, त्यात मूठभर ज्वारी टाकली आणि हळूहळू घोळवली. काय झकास पाऊस पडला! खरा पाऊस खोटा वाटतो आणि ज्वारीचा खरा. याचा मी अजून विचार करतोय.

मग जुळवाजुळव. आधी पहाटेची नळाची बादली, मंदिराची घंटा, बसस्थानकावरची "परळी, परळी" अशी हाक. या हाकेनं मला सर्वांत जास्त हात दिला. वऱ्हाडाला जायचं होतं तेही परळीलाच ना! ती हाक दर दोन मिनिटांनी येते आणि दर वेळी थोडी लांबून येते. मध्ये लग्नाचा बँड, तोही गल्लीपलीकडून, भिंतीआडून. शहरातून एखादी वरात जाते तेव्हा न बोलावलेल्याला ती तशीच ऐकू येते. मग कोंबडा आरवतो आणि बँड तोडलेला, अर्ध्या सुरावर. त्यापुढे वीस सेकंद काहीच नाही. रेडिओवर वीस सेकंद फार मोठे, श्रोत्याला वाटतं केंद्रच बंद पडलं. त्यानंतर पारवे, चपला आणि "हत्ती पूर्ण येऊ दे."

आत्याला ऐकवलं. डोळे मिटून बसली होती. त्या वीस सेकंदांत तिनं एक डोळा उघडून मोबाइलकडं पाहिलं, पुन्हा मिटला. संपल्यावर म्हणाली, "मंग लगीन लागलंच न्हाई म्हण की."

"न्हाई."

"बरं. त्ये बँड हाए ना, तिथून लाव परत."