बाळाच्या हृदयात भोक का राहते?



आज आपण लहान बाळाच्या हृदयाविषयी बोलू. काही बाळे जन्माला येतात तीच हृदयात दोष घेऊन. कोणाच्या हृदयातल्या पडद्याला भोक असते. कोणाची झडप अरुंद असते. कोणाच्या रक्तवाहिन्या भलत्याच ठिकाणी जोडलेल्या असतात. हे फार क्वचित घडते असे समजू नका. शंभर बाळे जन्मली, तर त्यांत सुमारे एक बाळ असे निघते. श्रीमंताच्या घरी निघते, गरिबाच्या घरीही निघते.

असे बाळ घरात आले की पहिला प्रश्न कोणता निघतो? "हे कुणामुळं झालं?" आणि बोट बहुधा सुनेकडे वळते. "ग्रहणात विळीवर बसली असेल." "हिचा पायगुणच तसा." बाळ आजारी, त्यात आईला बोल! म्हणून आज हा प्रश्न नीट सोडवू या. कुणामुळे, असे न विचारता कशामुळे, असे विचारू या.

हृदय कधी घडते?

आधी हृदय घडते कसे ते पाहा. गर्भ राहिल्यावर सुरुवातीला हृदय म्हणजे एक साधी नळी असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती धडधडू लागते. मग ती नळी वाकते, वळते. तिच्यात पडदे वाढू लागतात. दोन वरचे कप्पे आणि दोन खालचे कप्पे, असे चार कप्पे तयार होतात. झडपा बसतात. आठ आठवडे झाले की हृदयाची मुख्य बांधणी पुरी होते. तेव्हा सारा गर्भ असतो जेमतेम इंचभर!

आता एक गोष्ट ध्यानात आली का? हृदयाला भोक पडत नाही. पडदा पुरा वाढायचा राहून जातो, म्हणून भोक राहते.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. पाळी चुकली, महिना गेला, दीड महिना गेला, मग बाई घरात सांगते. दवाखान्यात जायला तिसरा महिना उजाडतो. तोवर बाळाचे हृदय घडून झालेले असते! म्हणून हृदयाची काळजी दिवस जाण्याआधीपासून घ्यावी लागते.

ग्रहणाचे काय?

समजा, बाईला सातव्या महिन्यात ग्रहण लागले. हृदय तर दुसऱ्या महिन्यातच घडून गेले. मग सातव्या महिन्यातले ग्रहण त्यात भोक कसे पाडील? आणि ग्रहण काय एकाच घराला दिसते? साऱ्या सोलापूरला दिसते. त्या दिवशी गावात कितीतरी बायका गरोदर असतात. भाजी चिरणाऱ्याही असतात. त्यांची बाळे चांगली निघतात. जिने दिवसभर दार लावून घेतले, तिच्याही बाळाला कधी दोष निघतो. म्हणजे ग्रहणाचा यात काही हात नाही. उलट, त्या दिवशी गरोदर बाईला उपाशी ठेवू नका.

मग खरी कारणे कोणती?

आपल्या सोलापूरची नक्षीची चादर कशी विणतात, हे तुम्हांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. मागावर जकार्ड असते. जुन्या जकार्डात पुठ्ठ्याच्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्या सांगतील तसे ताण्याचे धागे वर उचलले जातात आणि मोर उमटतो, फूल उमटते. ही नक्षी दोन तऱ्हांनी बिघडते. एक, पट्टीच चुकलेली असते. दुसरी, पट्टी बरोबर असते, पण विणताना काही अडचण येते आणि धागा तुटतो.

बाळाच्या हृदयाचेही असेच आहे. काही कारणे पट्टीतली, म्हणजे आनुवंशिक. काही कारणे विणतानाची, म्हणजे गर्भाच्या भोवतालची. पुष्कळदा दोन्ही थोडी थोडी एकत्र येतात. निम्म्याहून अधिक बाळांत तर एका कारणावर बोट ठेवताच येत नाही.

पट्टीतली कारणे

माणसाच्या शरीराचा नकाशा गुणसूत्रांवर असतो. त्यावरच्या एकेका सूचनेला जनुक म्हणतात. गुणसूत्रे ४६ असतात. २३ आईकडून येतात, २३ बापाकडून येतात. बघा, निम्मा वाटा बापाचा आहे! मग बोल एकट्या आईलाच का?

कधी एखादे गुणसूत्र जास्तीचे येते. २१ व्या क्रमांकाची दोन असायची, ती तीन होतात. याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. १९५९ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी हे कारण जगापुढे मांडले. अशा मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात दोष असतो. आईचे वय जास्त असले तर हे अधिक घडते, पण तरुण आईच्या पोटीही घडते. कुणाच्या वागण्याने ते घडत नाही.

आता नात्यातल्या लग्नांविषयी. आपल्या भागात मराठी, कानडी, तेलुगू अशी सारी माणसे शेजारी नांदतात. मामाची मुलगी करायची, काही घरांत मामा-भाचीचे लग्न लावायचे, अशी जुनी चाल आहे. नाते टिकते, जमीन घरात राहते, मुलगी ओळखीच्या घरी पडते. हे सारे खरे. पण यात एक धोका आहे. सदोष जनुक पुष्कळांच्या अंगात लपून असते. दुसरी बाजू चांगली असते, ती दोष झाकते. नवरा-बायको एकाच आजा-आजीच्या रक्ताची असली, की तोच लपलेला दोष दोघांकडून येण्याचा संभव वाढतो. मग झाकायला कोणी उरत नाही. अशा सगळ्याच लग्नांतली मुले आजारी निघतात असे नाही. बहुतेक चांगलीच निघतात. पण धोका वाढतो, एवढे नक्की. झालेली लग्ने झाली. पुढची सोयरीक जुळवताना मात्र विचार करा.

विणतानाची कारणे

१९४१ साली ऑस्ट्रेलियात सिडनी शहरी नॉर्मन ग्रेग नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांनी पाहिले की कितीतरी तान्ह्या बाळांना मोतीबिंदू आहे, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या हृदयातही दोष आहे. त्यांनी आयांना विचारले. बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, येऊन गेला होता. अंगावर थोडे पुरळ, थोडा ताप, तीन दिवसांत बरे. आईला काहीच झाले नाही, पण पोटातल्या बाळाचे डोळे आणि हृदय बिघडले.

या रोगावर लस आहे. महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळाशाळांतून ती टोचली. बाळाला ही लस दोनदा देतात. पहिली नऊ महिने पुरे झाल्यावर, दुसरी दीड वर्षाच्या सुमारास. आज मुलीला दिलेली लस उद्या तिच्या बाळाचे हृदय राखते. गरोदर बाईला मात्र ही लस देत नाहीत. ती आधीच घ्यायची.

दुसरे कारण मधुमेह. आईला आधीपासून मधुमेह असेल आणि पहिल्या आठवड्यांत साखर ताब्यात नसेल, तर बाळाच्या हृदयाला धोका काही पटींनी वाढतो. साखर आधी ताब्यात आणा, मग मूल होऊ द्या.

तिसरे कारण औषधे. फेफऱ्यावरची काही औषधे, मुरमांवरच्या काही गोळ्या गर्भाला बाधतात. म्हणून डॉक्टरला आधीच सांगा, "आम्हांला मूल हवं आहे." पण फेफऱ्याची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. फिट आली तर आई आणि बाळ दोघांना धोका. गोळी बदलायची ती डॉक्टरने.

चौथे कारण दारू आणि तंबाखू. दारू गर्भाला बाधते. विडी-सिगारेटच्या धुरानेही धोका वाढतो. नवरा ओढतो तो धूरही बायकोच्या नाकात जातोच. म्हणून नवऱ्यांनो, घरात विडी नको! मिसरी लावणाऱ्या बायकांची बाळे वजनाला कमी भरतात, तेव्हा मिसरीही सोडा. सोलापुरात हजारो बहिणी विड्या वळतात. त्यांनी दिवस राहिल्यावर नर्सबाईंना आपले काम सांगावे. हात धुतल्याशिवाय जेवू नये. तंबाखूचे सूप झोपायच्या खोलीत ठेवू नये.

ओळखायचे कसे?

बाळ दूध ओढताना दमते. कपाळाला घाम येतो. श्वास जोरात चालतो. वजन वाढत नाही. छाती वारंवार भरते. ओठ आणि नखे निळी पडतात. यांतले काही दिसले तर अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. सरकारी दवाखान्यात न्या. ओठ निळे पडले तर त्याच दिवशी न्या.

लहान भोक पुष्कळदा आपोआप बुजते. मोठे असेल तर शस्त्रक्रियेने बुजवतात. काही भोके छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी घालून, बटणासारखी चकती बसवून बंद करतात. वेळेवर उपाय झालेली किती तरी मुले शाळेत जातात, धावतात, पुढे संसार करतात.

पैशाची चिंता असते. त्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे सुरू झाला. त्याचे डॉक्टर अंगणवाडीत आणि शाळेत येऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. हृदयाचा दोष निघाला तर पुढचे उपचार मोफत करून देतात. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारा. तपासणीच्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

पहिल्या बाळाला दोष असेल, तर दुसऱ्यालाही होईलच असे नाही. अशा शंभर घरांत साधारण दोन ते पाच घरी पुन्हा होतो. बाकीच्यांची बाळे चांगली निघतात. तरी पुढच्या खेपेला पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत बाळाचे हृदय नीट तपासून घ्या. दोष आधी कळला, तर बाळंतपण मोठ्या रुग्णालयात करता येते.

थोडक्यात सांगतो. मुलीला लस द्या. दूरच्या घरी सोयरीक करा. मूल हवे असे ठरले की दवाखान्यात जा, साखर तपासा, फॉलिक अॅसिडची गोळी सुरू करा. या गोळीने मेंदूची आणि पाठीच्या कण्याची व्यंगे टळतात. ती हृदयालाही मदत करते, असे पुष्कळ डॉक्टर मानतात.

आणि एवढे सारे करूनही कधी दोष असलेले बाळ जन्मते. तेव्हा त्या आईला बोल लावू नका. तिला दोन घास जास्त वाढा, आणि बाळाला घेऊन तिच्याबरोबर दवाखान्यात चला.