चिमणी तीच, हवा वेगळी
(उत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



भाद्रपदात भिलाईची हवा धुतल्यासारखी असते. पावसाने धूळ खाली बसलेली असते. हीच हवा दिवाळीनंतर पहाटे घशाला का लागते, यावर आज दोन शब्द बोलणार आहे.

आपल्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी १९५९ साली पेटली. भट्टी काही थंडी-ऊन पाहून चालत नाही. धूर बारा महिने निघतो. बदलते ती त्याला सामावून घेणारी हवा.

उन्हाळ्यात दुपारी जमीन तापते, गरम हवा वर चढते आणि धूर दोन-दोन किलोमीटर उंच पसरतो. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर निवते. खाली गार, जड हवा आणि वर उबदार थर, जणू पातेल्यावर झाकण! सारा धूर काहीशे मीटरांतच कोंडतो. सकाळी नऊ-दहानंतर झाकण उघडू लागते, सूर्यास्तानंतर पुन्हा बसते.

उन्हाळाही अगदी निर्दोष नाही. लू धूळ उडवते, आणि भर उन्हात वाहनांच्या व कारखान्यांच्या वायूंपासून दुपारी ओझोन तयार होतो.

रुळाचे तापमान पहाटे वेगळे, दुपारी वेगळे. आम्ही रेल्वेवाले नुसत्या सरासरीवर विसंबत नाही. हवेचेही तसेच आहे. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची २००९ पासूनची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. पण ती २४ तासांची सरासरी. सरासरी मर्यादेत असूनही पहाटेचे तास वाईट असू शकतात.

२०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात भिलाईचे नाव आहे. कारखान्याने व शासनाने आपले काम करावेच. पण निवृत्त मंडळींनी आणि दमेकऱ्यांनी थंडीत पहाटे पाचचे फिरणे नऊनंतर न्यावे. संध्याकाळी अंगणातला पालापाचोळा पेटवू नये. त्याचे खत करावे. कारण तेव्हाच झाकण बसत असते आणि तो धूर सकाळपर्यंत गल्लीतच राहतो.

आपण फिरण्याची वेळ बदलू शकतो. पहाटे सायकलवरून फर्स्ट शिफ्टला निघालेल्या माणसाला ती सोय नाही. निदान आपल्या अंगणातला धूर त्याच्या छातीत जाऊ नये, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!