दारूचे कोठार आणि शेजाऱ्याचा जीव



भोर-वेल्ह्याच्या मुलखात ‘दारू’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही घरात ठेवण्यास अडचणीचेच! आज आम्ही बोलणार आहोत ते बंदुकीच्या दारूविषयी. रानडुकरे एका रात्रीत उभे शेत उलथून टाकतात. म्हणून पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक परवान्यावर देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे. पण बंदुकीमागून दारू येते, आणि ती ठेवायची कोठे, हा प्रश्नही येतो.

ही काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. शंभर भागांत साधारण पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. जळण्यास लागणारा प्राणवायू सोऱ्यातच असतो. म्हणून झाकण घातल्याने ती विझत नाही. उलट कोंडली की तिचा वायू वाट शोधतो आणि भिंती फोडतो. जाड लोखंडी तिजोरीत दारू निर्धोक राहते, ही समजूत त्यामुळेच घातक आहे. बंद तिजोरी पेटली तर तिचाच बॉम्ब होतो.

आमच्या डोंगरांना हे ठाऊक होते. राजगडाच्या पद्मावती माचीवर दारूकोठार आहे. सिंहगडावर तर दगडी कोठार आजही उभे आहे. त्या सिंहगडावर १७५१ साली कोठारावर वीज पडली. जवळचे फडणिसांचे घर उडाले आणि आतली माणसे मेली. दगडी भिंती होत्या. कमी पडले ते अंतर.

दोनशे वर्षांनीही हा धडा पचला नव्हता. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या एकाच जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि कापसाच्या गाठी होत्या. आधी कापूस पेटला, मग गोदी उडाली. शेकडो माणसे गेली. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. माल कोणी कशाशेजारी ठेवला, हे त्यांना कोणी विचारले नव्हते.

आता घराकडे वळू. परवान्यात असेल तेवढीच दारू ठेवावी. ती मूळ डब्यातच असावी. नाव पुसलेल्या बरणीत नको. केप आणि दारू एका जागी नकोत. चूल, दिवा, विडी, विजेचे बटण आणि भाताचा पेंढा यांपासून ती दूर असावी. जागा कोरडी, थंड आणि कुलपाची हवी. किल्ली मुलांच्या हाती लागू नये. सांडलेली दारू लोखंडी खुरप्याने खरवडू नये. एक ठिणगी पुरते. कारतुसांतली बिनधुराची दारू निराळी. तिला आंबूस, उग्र वास आला किंवा तांबूस वाफ दिसली, तर ती नासू लागली असे समजावे. तिला हात न लावता पोलिसांना कळवावे. जुनी दारू विहिरीत टाकणे किंवा परसात जाळणे हा उपाय नव्हे.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कारखान्यात आमची पहिली मागणी असते, ‘धोका कोठे आहे ते आम्हाला सांगा.’ मालकाकडे जे मागतो, ते शेजाऱ्याला नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? वाड्यात भिंत एकच असते. परवाना तुमच्या नावाचा असतो. जीव मात्र भिंतीपलीकडल्याचाही जातो. बंदूक पिकाच्या राखणीसाठी आहे. ते पीक खाणारी माणसे आधी राखा, एवढेच आमचे मागणे आहे.