छायाचित्राची साक्ष

चित्र पाहायचे डोळ्यांनी आणि नभोवाणी ऐकायची कानांनी; तेव्हा येथे बसून छायाचित्राविषयी बोलू पाहणाऱ्याला आपण भलत्याच ठिकाणी आलो की काय, असा संशय येणे साहजिक आहे. पण ज्या चित्राविषयी मला आज बोलावयाचे आहे, ते मी कित्येक वर्षे डोळ्यांसमोर धरीत होतो आणि तरीही मला ते दिसले नव्हते. म्हणून आज ते शब्दांनीच आपल्यापुढे ठेवून पाहतो.

लंडनमधील पार्लमेंटच्या परिसरातील रस्ता आहे. एक बाई जमिनीवर कोसळली आहे आणि तिने हातांनी तोंड झाकून घेतले आहे. भोवती पोलिस आणि बघे आहेत. तिच्यालगत उंच हॅट घातलेला एक प्रतिष्ठित गृहस्थ दिसतो. १८ नोव्हेंबर १९१० रोजी हे छायाचित्र टिपले गेले आणि दुसऱ्या दिवशी 'डेली मिरर' पत्राच्या पहिल्याच पानावर आले. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून रस्त्यावर उतरलेल्या इंग्रज स्त्रियांना 'सफ्रजेट' हे नाव १९०६ साली एका वृत्तपत्राने चेष्टेने दिले होते, ते त्यांनी भूषण म्हणून धारण केले. त्यांच्या लढ्यातील हा दिवस पुढे 'काळा शुक्रवार' म्हणून प्रसिद्ध झाला.

मी शाळेत इतिहास शिकवीत असे. ग्रंथालयातील एका जाड पुस्तकात हे चित्र होते. दरवर्षी तो धडा आला की मी ते पुस्तक वर्गात नेई आणि हॅटवाल्या गृहस्थावर बोट ठेवून सांगे, "पाहा, सभ्य पोशाखातला माणूससुद्धा बाईवर कसा हात टाकतो!" वर्ग स्तब्ध होई आणि मला आपल्या वक्तृत्वाचे समाधान वाटे. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हे मारताहेत हे कशावरून?" मी तिला खाली बसायला सांगितले. तास संपत आला होता आणि नकाशा अजून व्हायचा होता.

निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली, तेव्हा उलगडा झाला. बाईला होणारी मारहाण पाहून तो गृहस्थ तिला वाचविण्यासाठी मध्ये पडला होता, आणि पोलिसांनी त्यालाच बाजूला लोटले होते. एवढ्या गर्दीत जो माणूस मदतीला धावला, नेमके त्यालाच मी वर्षानुवर्षे मुलांपुढे गुन्हेगार म्हणून उभे केले. बाईच्या नावाचेही तसेच. बहुतेक ठिकाणी ते अडा राइट असे दिलेले आढळते, पण ती अर्नेस्टीन मिल्स होती असेही काही जण सांगतात. ज्या चेहऱ्याने अर्धे इंग्लंड त्या सकाळी हादरले असेल असे आपण मानतो, तो चेहरा तर चित्रात हातांआडच आहे.

हे चित्र 'मिरर'मध्ये यावे, यात एक गंमत आहे. १९०३ साली आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी हे दैनिक स्त्रियांसाठी काढले आणि त्याचा कारभारही स्त्रियांकडेच सोपविला. ते चालेना. तेव्हा १९०४ मध्ये त्या स्त्रियांना निरोप देऊन त्याचे सचित्र दैनिक केले, आणि ते धडाक्याने खपू लागले. छायाचित्र बारीकमोठ्या ठिपक्यांत फोडून त्याचा हाफटोन ठसा करायचा आणि तो मजकुराबरोबर छापायचा, ही युक्ती तोवर रोजच्या छपाईत रुळली होती. लेखणीने काढलेल्या चित्रात चित्रकाराचा कल उतरतो. ठिपक्यांच्या चित्रात मात्र, निदान वाचकाच्या समजुतीप्रमाणे, घडले तेच उतरते. स्त्रियांच्या हातून काढून घेतलेल्या पत्राने स्त्रियांची बाजू अशी नकळत मांडली.

त्या दिवशी काय घडले होते? काही स्त्रियांना तरी मत मिळावे असे एक विधेयक पार्लमेंटपुढे होते. पंतप्रधान ॲस्क्विथ यांनी त्याला वेळ देण्याचे टाळले. तेव्हा सुमारे ३०० स्त्रिया कॅक्स्टन हॉलमधून निघून पार्लमेंटकडे गेल्या. जवळजवळ सहा तास त्यांना ढकलणे, मुरगाळणे, फेकणे चालले होते. ११५ स्त्रिया आणि ४ पुरुष पकडले गेले. पण दुसऱ्या दिवशी बहुतेकांवरील आरोप मागे घेण्यात आले. त्या वेळी गृहमंत्री होते विन्स्टन चर्चिल. खटला चालला असता तर साक्षी झाल्या असत्या, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बहुतेक वृत्तपत्रांनी मजकुरात पोलिसांची कीव केली आणि स्त्रियांना दोष दिला. शब्द एक सांगत होते आणि 'मिरर'मधले चित्र दुसरेच.

पण श्रोतेहो, चित्राची थोरवी गाताना त्याची मर्यादा लपवू नये. हेन्री ब्रेल्सफर्ड आणि डॉक्टर जेसी मरे या दोघांनी पुढे १३५ जबान्या गोळा केल्या. त्यांतील २९ जबान्यांमध्ये स्त्रियांच्या अब्रूला हात घातल्याच्या तक्रारी होत्या. रोझा मे बिलिंगहर्स्ट ही पाय अधू असलेली स्त्री हाताने चालवायच्या तीनचाकी गाडीतून तेथे आली होती. तिला आडरस्त्यावर नेऊन पोलिसांनी चाकांचे व्हॉल्व्ह काढून घेतले आणि तिला तशीच सोडून दिली. यातले त्या चित्रात काही नाही. गर्दीच्या आत, अंगाला अंग भिडलेले असताना जे चालते, ते भिंगाला कसे दिसणार? ते सांगायला त्या स्त्रियांनाच तोंड उघडावे लागले, आणि त्या काळच्या कुलीन घरांत तसे सांगणे किती अवघड असेल याची कल्पना आपल्या घरच्या वडीलधाऱ्या बायकांवरून करता येईल. चर्चिल यांनी जाहीर चौकशी नाकारली.

या चळवळीचा चेहरा नेहमी असा विदीर्णच असे असे मात्र नाही. क्रिस्टिना ब्रूम या बाईंनी नवरा जायबंदी झाल्यावर, चाळिशी उलटल्यावर, १९०३ मध्ये पोटासाठी कॅमेरा हाती घेतला. त्यांच्या काचेच्या प्लेटांवर सफ्रजेट स्त्रिया नीटनेटक्या, निशाणे घेऊन, हसतमुख उभ्या आहेत. त्या चित्रांची पोस्टकार्डे होत आणि विकली जात. प्रौढ वयात मुलीच्या मदतीने जड कॅमेरा मिरवणुकीत घेऊन हिंडणाऱ्या या बाईविषयी मला, खरे सांगायचे तर, काही पुढाऱ्यांहून अधिक आदर वाटतो.

कॅमेरा सरकारनेही उचलला. कैदेतील सफ्रजेट फोटोला उभ्या राहत नसत. तोंडे वेडीवाकडी करीत. म्हणून १९१३ मध्ये हॉलोवे तुरुंगाच्या आवारात फेऱ्या घालणाऱ्या स्त्रियांची चित्रे दुरून, चोरून टिपण्यात आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मँचेस्टरच्या चित्रालयात चित्रांच्या काचा फोडणाऱ्यांत इव्हलिन मॅनेस्टा होती. तिचा फोटो घेताना पहारेकऱ्याने मागून हाताने तिची मान धरून ठेवली होती. ओळखीसाठी तो फोटो चित्रालयांकडे धाडताना तो हात पुसून टाकण्यात आला आणि त्या जागी गळपट्टा असल्यासारखे भासविण्यात आले. मूळ चित्र आणि दुरुस्त केलेले चित्र, दोन्ही आज उपलब्ध आहेत. शेजारी शेजारी ठेवून पाहिली म्हणजे अंगावर काटा येतो.

आणखी एक चित्र आपल्या जवळचे. १७ जून १९११ रोजी लंडनमध्ये सुमारे ४०,००० स्त्रियांची मिरवणूक निघाली. तीत साड्या नेसलेल्या काही हिंदी स्त्रिया हत्तीच्या चिन्हाच्या निशाणाखाली चालताना दिसतात. लोलिता रॉय त्यांतल्या एक. हे चित्र पुष्कळदा 'हिंदी सफ्रजेट' म्हणून दाखविले जाते. मीही एकदा तसेच दाखविले आहे. वस्तुतः साम्राज्याचा विस्तार दिसावा म्हणून इंग्रज संयोजक स्त्रियांनी त्यांना बोलावून आणले होते. साड्या आपल्या, निशाण आपले, निमंत्रण मात्र त्यांचे. त्या चालताना मनात काय म्हणत होत्या, हे चित्रावरून कोणी सांगू नये. इकडे मुंबई इलाख्यातील काही स्त्रियांना मत मिळाले १९२१ साली. इंग्लंडात ३० वर्षांवरील काहींना ते १९१८ मध्ये आणि पुरुषांच्या बरोबरीने १९२८ मध्ये मिळाले.

परवा जुन्या शाळेत जाण्याचा योग आला. ग्रंथपालांनी ते जाड पुस्तक काढून दिले. त्या पानावर, हॅटवाल्या गृहस्थाच्या बाजूला, माझ्याच हातची पेन्सिलीची बाणाची खूण आणि 'हल्लेखोर' हा शब्द होता. मी तो खोडून टाकणार होतो. पण मॅनेस्टाच्या गळ्यावरचा तो पुसलेला हात आठवला. म्हणून माझा शब्द तसाच ठेवून खाली खरी हकिगत लिहिली आणि तारीख घातली. त्या मागच्या बाकावरच्या मुलीचे नाव मला आठवते, ते येथे घेत नाही. आता ती संसारी बाई असेल. हे भाषण तिच्या कानी पडलेच, तर तिने पुढचा प्रश्न मला पत्राने विचारावा.