धोका म्हणजे निकाल नव्हे



२०२१ च्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाई कोरोनाने दवाखान्यात होत्या. डॉक्टर म्हणाले, "धोका जास्त आहे." घरच्यांनी अर्थ काढला, "आता उपयोग नाही." घरी न्यायला गाडीसुद्धा ठरली. काय सल्ला द्यावा, आम्हालाही कळेना. शेवटी ताईंनीच डॉक्टरांना विचारलं, "घरी नेलं तर काय होईल आणि इथं ठेवलं तर काय?" सासूबाई दवाखान्यातच राहिल्या आणि सोळाव्या दिवशी चालत घरी आल्या. सगळ्यांच्या नशिबी ते नव्हतं. गटातल्या दोघींची माणसं गेली.

मग हा धोका ठरवतात कसा? २०२० मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी हजारो रुग्णांच्या नोंदींवरून 'फोर-सी' नावाची गुणपद्धत तयार केली. त्यात आठ गोष्टी पाहतात: वय, स्त्री की पुरुष, आधीचे आजार, मिनिटाला श्वास किती, ऑक्सिजन किती, शुद्ध कशी आहे, आणि रक्तातले युरिया व सीआरपी. एकूण गुण २१. जितके गुण जास्त, तितका धोका जास्त.

आता नीट ऐका. ९ ते १४ गुण म्हणजे 'जास्त धोका'. त्या नोंदींत अशा शंभरातले साधारण ३१ जण दगावले. म्हणजे ६९ जण वाचले! हा आकडा शंभर जणांचा आहे. आपलं माणूस कोणत्या बाजूला जाईल, हे तो सांगत नाही. कोणाकडे आधी आणि जास्त लक्ष द्यायचं, हे ठरवायला डॉक्टरांना त्याची मदत होते.

हे गुण घरी मोजायचे नाहीत, त्याला रक्ततपासणी लागते. पण श्वास मोजणं आपल्या हातात आहे. माणूस शांत बसलेलं असताना पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर होते ते मोजा. मोठ्या माणसाचा श्वास २४ च्या वर गेला, ऑक्सिजन ९४ च्या खाली आला, किंवा माणूस असंबद्ध बोलू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. आशाताईंना कळवा, गाडीसाठी १०८ ला फोन करा.

आणि डॉक्टर "धोका आहे" म्हणाले, तर रडण्याआधी विचारा, "किती आहे? आता काय करता येईल?" या महिन्याच्या बैठकीत आम्ही एकमेकींचे श्वास मोजून पाहणार आहोत. तुम्हीही मोजा.