यात्रेचे वाहन आणि विम्याचे कवच

अष्टविनायकांतील पहिले स्थान म्हणजे कऱ्हाकाठचे मोरगाव. भाद्रपद व माघ महिन्यांतील चतुर्थीच्या यात्रेस येथे दूरदूरचे भाविक येतात. भाडे वाचावे म्हणून पुष्कळदा अवघी आळी मालवाहू टेम्पोत बसून निघते. या काटकसरीत मोठा धोका आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे. तथापि, मालवाहू वाहनातून नेलेल्या अशा प्रवाशांच्या भरपाईचे दायित्व विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. मग भरपाईचा भार वाहनमालकावर पडतो. तो निर्धन असल्यास निकाल हाती येऊनही वसुली दुष्कर होते, आणि घरातील कर्ता गमावलेले कुटुंब उघड्यावर पडते.

म्हणून एस. टी. अथवा प्रवासी परवान्याची गाडी ठरवावी. निघण्यापूर्वी परवाना, विमा व योग्यता प्रमाणपत्र यांच्या मुदती तपासाव्यात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदारास वार्षिक २० रुपयांत अपघाती मृत्यूबद्दल २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते, तेही घ्यावे.

सरपंच व शिक्षक यांनी यात्रेपूर्वीच्या ग्रामसभेत एवढे समजावून दिले, तरी अनेक घरांवरील संकट टळेल.