गुरुविद्यार्थ्यांची पायीं यात्रा
(सुवर्णमहोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली. या देवळाविषयीं व येथें होऊन गेलेल्या धर्मगुरूंविषयीं इतर वक्त्यांनीं सांगितलेंच आहे. सेमिनरींतील विद्यार्थ्यांच्या घडणीचें काम आमच्याकडे असल्यामुळें, पुढें येणाऱ्या धर्मगुरूंविषयीं आम्ही बोलूं.

मातापितरांकडून आम्हांस एक प्रश्न वारंवार येतो. मुलाला आम्हीं देवाच्या सेवेस वाहिलें, शिकावयास पाठविलें. त्याला खिशांत पैसा न देतां सातारा-सांगलीच्या रस्त्यांनीं भिक्षेकऱ्यासारखा कां हिंडवितां? प्रश्नामागें माया आहे. त्याला उडवाउडवीचें उत्तर देणें बरें नव्हे.

ही चाल आम्हीं नव्यानें काढलेली नाहीं. संत इग्नेशियस लोयोला १५२१ सालीं पांप्लोनाच्या लढाईंत जायबंदी झाले. दुसऱ्याच वर्षीं ते मोन्सेरातच्या मातेच्या दर्शनास गेले, अंगावरचीं उंची वस्त्रें एका भिकाऱ्यास देऊन टाकलीं आणि १५२३ सालीं यरुशलेमेस पोंचले. उतारवयांत आपली जीवनकथा सांगतांना त्यांनीं स्वतःला ‘यात्रिक’ एवढेंच म्हटलें आहे. आपल्या संघाचे नियम करतांना त्यांनीं नवशिक्यांना एक महिन्याची यात्रा घालून दिली. जवळ पैसा नको. प्रसंगीं दारोदार मागून खावें. मिळेल तेथें निजावें. हेतु हा कीं, ज्याला पैशावर विसंबतां आलें असतें त्यानें देवावर विसंबण्याची संवय करावी. त्यांचे सोबती संत फ्रान्सिस झेवियर १५३६ सालच्या हिवाळ्यांत पॅरिसहून व्हेनिसला पायीं निघाले, आणि १५४२ सालीं गोव्यास उतरले.

महाराष्ट्राला तर हें नवें नाहींच. वारावर जेवून विद्या संपादणारे विद्यार्थी आपल्या आजोबा-पणजोबांनीं पाहिले आहेत. आषाढांत ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यांत येते. लोणंद, तरडगांव, फलटण, बरड येथें मुक्काम करते. गी देल्यूरी नांवाचे फ्रेंच धर्मगुरू, जे त्या काळीं येशूसंघांत होते, पंढरीच्या वारींत चालले. तुकोबांच्या अभंगांचें त्यांचें फ्रेंच भाषांतर १९५६ सालीं निघालें, व विठोबाच्या उपासनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजानें प्रसिद्ध केला. आमचे विद्यार्थी त्या वारींत जात नाहींत. पण शेजाऱ्याची निष्ठा पायांनीं कशी मोजली जाते हें त्यांनीं पाहिलेलें असावें, असें आम्हांस वाटतें.

आमचे विद्यार्थी आगमनकाळांत निघतात, आणि प्रभूनें शिष्य धाडले तसे दोघेदोघे. साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णा व वेण्णा मिळतात, तेथून नदीच्या अंगाअंगानें कऱ्हाडचा प्रीतिसंगम, पुढें आष्टा आणि सांगली. अंतर सुमारें सव्वाशें किलोमीटर. पहिल्या दिवशीं जपमाळ, गाणीं, मोठा उत्साह. दुसऱ्या दिवशीं पायांना फोड. तिसऱ्या दिवशीं बहुधा प्रार्थना सुचत नाहीं, भूक सुचते. आणि खरी यात्रा तेथून सुरू होते.

एका वर्षीं आमच्या दोघां विद्यार्थ्यांना संध्याकाळीं तीन दारांवरून परत फिरावें लागलें. हंगाम ऊसतोडीचा होता. रस्त्याकडेच्या फडाजवळ मजुरांच्या कोप्या होत्या. त्यांतील एका बाईनें विचारपूस न करतां दोन भाकरी आणि खर्डा पुढें केला. तिचीं मुलें टक लावून पाहत होतीं. घ्यावें कीं न घ्यावें? नाकारलें तर तिचा अपमान, घेतलें तर मुलांचा घांस. त्यांनीं एक भाकर घेतली, एक मुलांत वांटली. “कोणत्या देवाला निघालात?” तिनें विचारलें. सांगलीस आमचीं थोडीं माणसें आहेत, रविवारीं त्यांना भेटून प्रार्थना करावयाची आहे, असें विद्यार्थी म्हणाला. “माणसांना भेटायला एवढं चालत?” म्हणून ती हंसली. परत आल्यावर तो आम्हांस म्हणाला, “कृपा म्हणजे काय याचें उत्तर मीं परीक्षेंत बिनचूक लिहिलें होतें; पण हात पसरून कांहीं घेण्याची वेळ मजवर कधीं आलीच नव्हती.”

बांधवहो, त्या बाईच्या प्रश्नांत आपल्या दोन्ही जिल्ह्यांची स्थिति आली आहे. १८८६ सालीं स्थापन झालेल्या पुणें धर्मप्रांतांतून २००५ सालीं कोल्हापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग वेगळे होऊन सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला. सातारा-सांगली पुण्याकडेच राहिले. येथें आपण मूठभर, आणि तेही विखुरलेले. एक कुटुंब या तालुक्याच्या गांवीं, दुसरें तीस किलोमीटरवर. वसईसारखें येथें घंटा वाजतांच देऊळ भरत नाहीं. येथल्या धर्मगुरूला माणसांकडे जावें लागतें, अनोळखी दार ठोठावावें लागतें, आणि जें पानांत पडेल तें आनंदानें खावें लागतें. ज्याला केवळ देण्याचीच संवय आहे, अशा धर्मगुरूसमोर गरिबाचें घर संकोचतें.

यात्रा केली कीं पाचारण पक्कें झालें, असें मात्र कोणी समजूं नये. एखादा विद्यार्थी वाटेवरच ओळखतो कीं हा आपला मार्ग नव्हे, आणि घरीं परततो. आईबापांना दुःख होतें. आम्ही तेंही यात्रेचेंच फळ मानतों. दीक्षा झाल्यावर दहा वर्षांनीं तें कळण्यापेक्षां आज कळलेलें चांगलें.

अलीकडे आरामगाडींतून यात्रा निघतात. नोव्हेना अर्धा तास, बाजार अर्धा दिवस! वृद्धांना गाडी हवीच, त्यांच्याविषयीं आमचें म्हणणें नाहीं. परंतु विद्यार्थी दारीं आला कीं आपण कोंबडी कापतां, मोटारसायकलवरून पुढच्या गांवीं पोंचवितां, आणि निघतांना खिशांत गुपचूप नोटा सारतां. हें प्रेम आम्ही जाणतों. तरी आपणांस हात जोडून विनंती आहे. येत्या आगमनकाळांत पुन्हां चारपांच जोड्या याच रस्त्यानें येतील. घरांत त्या दिवशीं जें शिजलें असेल तेंच द्या, ओसरीवर निजूं द्या, आजाऱ्याच्या खाटेजवळ त्यांना बसवून प्रार्थना करवून घ्या. पैसे देऊं नका. सकाळीं त्यांना चालतच जाऊं द्या. पाण्याची बाटली तेवढी भरून द्या.